निरंक

सरांच्या घरी पहिले दोन आठवडे मी चवड्यांवर चालत होते. पहिल्या दिवशी घर दाखवताना त्यांनी मागच्या एका बंद दाराकडे बोट केलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तिथे बाई असतात. त्यांना त्रास होऊ नये एवढं बघा." मला वाटलं, त्यांची पत्नी आजारी असावी. मी स्कॅनरचं झाकणसुद्धा अलगद टेकवायचे. खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचे.

मग शॉमबर्ग गावातल्या आमच्या मराठी मंडळात एका काकूंनी मला बाजूला घेतलं. "अगं, तू चीनकाकांकडे जॉब करतेस म्हणे? एकटी जातेस? मला टेक्स्ट करत जा बाई." मी म्हटलं, एकटी कुठे, त्यांच्या मिसेस असतात की घरी. काकूंच्या हातातला कप तसाच राहिला. सरांच्या पत्नीला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी धीर करून मी सरांना विचारलं, त्या खोलीत कोण असतं. ते जराही गडबडले नाहीत. त्यांनी मला बसवून चहा दिला आणि सांगायला लागले.

चौदाशे वर्षांपूर्वी उत्तर चीनच्या एका सम्राटाने बौद्ध धर्मावर बंदी घातली. विहार काढून घेतले, मूर्ती फोडल्या, भिक्षूंना घरी पाठवून दिलं. काही वर्षांतच ते राज्य गेलं आणि सुई घराण्याचा पहिला सम्राट गादीवर आला. या सम्राटाला लहानपणी एका भिक्षुणीने विहारात वाढवलं होतं. धर्म बुडेल आणि तूच तो वर काढशील, असं तिने त्याला सांगून ठेवलं होतं म्हणे. त्याने खरोखरच तो वर काढला. सरांनी सगळं आयुष्य या एका सम्राटाचा अभ्यास करण्यात घालवलं होतं. ते त्याला "साहेब" म्हणत, कचेरीतल्या वरिष्ठाला म्हणतात तसं. आणि ती भिक्षुणी म्हणजे "बाई".

"बंदीच्या काळात त्या साहेबांच्या घरी लपून होत्या," सर म्हणाले. "माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. म्हटलं, असू द्या."

हसावं की नाही ते मला कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून तर कधीच कळत नसे. पण त्यानंतरही मी त्या दारासमोरून चवड्यांवरच जात राहिले. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

मी त्यांच्याकडे कशी आले तेही सांगायला हवं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं माझ्याआधी कोणी नव्हतं. अमेरिकेतल्या आत्याने भरलेले इमिग्रेशनचे कागद बऱ्याच वर्षांनी मंजूर झाले आणि मी सोळा वर्षांची असताना आम्ही भंडारा जिल्ह्यातून थेट इथे आलो. पप्पा एका इंडियन ग्रोसरीच्या किचनमध्ये समोसे तळतात, आई घरून डबे देते. मी आधी कम्युनिटी कॉलेजला गेले, मग युनिव्हर्सिटीत. तिथे इतिहास घेतला तेव्हा पप्पांनी एवढंच विचारलं की त्यात पुढे काय असतं. मलाही माहीत नव्हतं. विभागाला एका निवृत्त प्राध्यापकाचे शिलालेखांचे ठसे स्कॅन करायला विद्यार्थी हवा होता. प्राध्यापक मराठी आहेत म्हणून त्यांनी मला पाठवलं.

मंडळात लोक आडनाव विचारतात, मग गाव विचारतात, मग जरा थांबतात. सर थांबले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी हा धर्म कोणापासून?"

मी म्हटलं, आजोबांपासून.

"कोणाच्या हुकमावरून?"

"हुकूम कोणाचाच नव्हता, सर. ते मैदानात गर्दीत उभे राहिले."

सर म्हणाले, "आमच्या साहेबांना हे पटलं नसतं." मला ते अहो-जाहो करत. वीस वर्षांच्या मुलीला इतक्या मोठ्या माणसाने अहो म्हणावं याची मला शेवटपर्यंत सवय झाली नाही.

त्यांच्या जेवणाविषयी मंडळात बरंच बोललं जाई. ते रोज दहीभात खात आणि तो खायला त्यांना पाऊण तास लागे. प्रत्येक घास बोटांनी चिवडून, दाबून बघत, मगच तोंडात घालत. एकदा गणपतीच्या कार्यक्रमात त्यांना दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. जेवणाआधी. साहेबांच्या दरबारात बुद्धाच्या अस्थींचे कण जेवताना ताटात सापडत, कधी खुद्द महाराणीच्या दाताखाली येत, हे त्यांनी फार रंगवून सांगितलं. ते कण मोत्यासारखे दिसत, तांदळाच्या कणीएवढे असत, हेही सांगितलं. त्या दिवशी मसालेभात बराच उरला. कोषाध्यक्ष काका म्हणाले, "नेक्स्ट इयर यांना जेवणानंतर ठेवा यार."

मला त्यांची एक गोष्ट मात्र खरंच घाबरवायची. साहेबांकडे अस्थींचे काही कण होते. एकदा ते आणि एक भिक्षू तळहातावर घेऊन ते मोजायला बसले. प्रत्येक वेळी आकडा वेगळा आला. कधी जास्त, कधी कमी. शेवटी त्यांनी मोजणं सोडून दिलं. हे सांगून झाल्यावर सरांनी मला ठशांचे कागद मोजायला दिले. सोमवारी दोनशे बारा भरले. गुरुवारी दोनशे चौदा. पुढच्या सोमवारी दोनशे अकरा. मी रडकुंडीला आले. माझ्याकडून काही हरवलं तर काम जाईल, असं वाटलं. सर म्हणाले, "घाबरू नका. तिन्ही आकडे लिहून ठेवा." ते कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखे असतात, एकमेकांना चिकटतात, हे मलाही कळतं. तरी मी पुन्हा कधी ते मोजले नाहीत.

त्या घरात एक शब्द चालत नसे, तो म्हणजे चमत्कार. मी एकदा बोलून गेले, तर ते म्हणाले, "चमत्कार आपल्याला माहीत नाही. आपल्याकडे फक्त अहवाल आहेत." आणि तेव्हाच त्यांनी मला त्यांच्या आयुष्यभराच्या शोधाविषयी सांगितलं.

म्हातारपणी साहेबांनी अस्थींचे कण तीस प्रांतांत पाठवले. प्रत्येक ठिकाणी दगडी पेटी, वर स्तूप. हुकूम असा होता की सगळ्या पेट्या एकाच दिवशी, एकाच वेळी, भर दुपारी जमिनीत ठेवायच्या. दहाव्या चांद्र महिन्याची पौर्णिमा, म्हणजे बहुतेक वर्षी आपली कार्तिकी. मग तिथे काय काय घडलं ते अधिकाऱ्यांनी दरबाराला कळवायचं. कुठून कळवलं, आकाश उजळलं. कुठून कळवलं, सुगंध सुटला. कुठे आजारी माणसं बरी झाली.

"साहेबांनी विचारलंय म्हटल्यावर बिचारा कारकून काय लिहिणार?" सर म्हणाले. "मी चाळीस वर्षं एकच कागद शोधतोय. तुम्हाला निरंक हा शब्द माहीत आहे?"

मला माहीत होता. माझे आजोबा तहसील कचेरीत शिपाई होते. तालुक्यातून जिल्ह्याला अहवाल जायचे, गारपीट झाली का, साथ आली का. काही घडलं नसेल तर कोरा कागद पाठवून चालत नसे. त्यावर 'निरंक' असं लिहावं लागे, खाली सही, शिक्का. असे अहवाल आजोबांनी सायकलवरून नेले होते. हे ऐकून सरांचा चेहरा असा उजळला की मला लाज वाटली.

"बरोबर," ते म्हणाले. "काही प्रांतांची नुसती नावं आहेत, पुढे काहीच नाही. पण कोरं म्हणजे निरंक नव्हे. निरंक लिहायला माणूस लागतो. कोणीतरी उभं राहून साहेबांना लिहायला हवं होतं की मी होतो, डोळे उघडे होते, काही घडलं नाही. असा एक जरी मिळाला ना, तर बाकीच्यांवर विश्वास ठेवता येईल."

माझं मन त्या दिवसांत दुसरीकडे अडकलं होतं. मला पुढे शिकायचं होतं, पीएचडीला अर्ज करायचा होता. तीन शिफारसपत्रं लागत. दोन मिळाली होती. या विषयात मला ओळखणारे आणि बाहेर ज्यांचं नाव आहे असे फक्त सर होते. त्यांच्या पत्राशिवाय अर्ज अपुरा होता, आणि अर्ज गेला नाही तर मी मे महिन्यात पप्पांच्या दुकानात बिलिंगला बसणार, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "पौर्णिमा होऊ द्या. मग बघू."

ती पौर्णिमा नोव्हेंबरच्या एका शुक्रवारी आली. सरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की दरवर्षी नाही, पण योग्य विद्यार्थी मिळाला की ते साहेबांसारखी पेटी पुरून बघायचा प्रयोग करतात. माझ्याआधी सहा जण झाले होते. मागच्या अंगणात मेपलच्या झाडाखाली हातभर खोल खड्डा तयार होता. ओट्याचे काउंटरटॉप कापणाऱ्या दुकानातून त्यांनी ग्रॅनाइटची एक पेटी करून घेतली होती, डब्याएवढी. आत काय आहे ते मी विचारलं नाही. मला वाटतं, विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

फोन आत ठेवायचा होता. दुपार घड्याळाची नाही, सूर्याची. त्यांनी जमिनीत एक काठी रोवली होती आणि तिची सावली सर्वांत आखूड होण्याची ते वाट बघत होते. त्यामुळे बारा वाजायला अजून वीस-बावीस मिनिटं असतानाच ते म्हणाले, "आता." गुडघे टेकून त्यांनी पेटी खाली सोडली. शेजारच्या घरी पाचोळा उडवायचा लीफ ब्लोअर चालू होता, तो त्याच वेळी थांबला. ऊन इतकं स्वच्छ होतं की कुंपणाची प्रत्येक फळी मोजता आली असती. मी डोळे उघडे ठेवून उभी होते. थंडीने पायांची बोटं दुखत होती. दुसरं काही घडलं नाही.

मग नियमाप्रमाणे आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत गेलो. मी स्वयंपाकघरात, ते अभ्यासिकेत. दोघांनी आपापला अहवाल लिहायचा, मगच बोलायचं. मी 'काही घडलं नाही' असं लिहिलं. त्या ओळीकडे मी बराच वेळ बघत बसले. मनात सारखं येत होतं, हा माणूस चाळीस वर्षं थांबलाय, आणि मी एका ओळीत संपवतेय. ही आळशी मुलगी, हिला काही दिसत नाही, असं त्यांना वाटलं तर? हीच ती ओळ त्यांना हवी होती हे मला माहीत होतं. ते मला तोंडाने सांगून झालं होतं. पण समोर पत्र असलं की माणूस मोठ्या माणसाचं बोलणं खरं धरत नाही. त्यांना खरं काय आवडेल, तेच शोधत बसतो.

मी तो कागद घडी करून खिशात घातला आणि दुसरा घेतला. प्रकाश आणि सुगंध फार थोर वाटले असते, खोटे वाटले असते. म्हणून मी मुद्दाम साधं काहीतरी घेतलं. गावी जयंतीच्या आधी आजोबा विहाराला चुना द्यायचे, ते आठवलं. मी लिहिलं, पेटी खाली ठेवताना ओल्या चुन्याचा वास आला, थोडा वेळ राहिला, मग गेला. सही केली.

सरांनी माझा कागद वाचला. परत वाचला. मग आत गेले आणि बुटांचा एक जुना खोका घेऊन आले. त्यात सहा पाकिटं होती. प्रत्येकातून एकेक कागद काढून त्यांनी टेबलावर मांडला आणि मला मराठीत सांगत गेले. आयोवाच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने लिहिलं होतं, नुकत्याच रंगवलेल्या गोठ्याचा वास. एका कोरियन मुलीने लिहिलं होतं, ओलं प्लास्टर. तैवानच्या मुलाने चिनी भाषेत एकच अक्षर लिहून खाली रेघ मारली होती. सरांनी त्या अक्षरावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "भिजवलेला चुना." बाकीच्या तीन कागदांवरही तेच. सगळ्यांत जुना कागद माझ्या जन्माच्या आधीचा होता.

"एकमेकांना हे लोक कधी भेटलेले नाहीत," सर म्हणाले. "आणि गंमत बघा. त्या तीस ठिकाणी त्या दिवशी खरोखर कसला वास असेल? विटांचा, मातीचा, चुन्याचा. बांधकामच ते. पण साहेबांना चुन्याचा वास कोण कळवणार?"

मी काहीतरी कारण सांगून निघाले. बस स्टॉपपर्यंतचा रस्ता कसा चालले ते आठवत नाही.

शनिवारी रात्री आईला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "मग खरं सांगून टाक नं. पत्र नाही भेटलं तं नाही भेटलं." थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "त्यायनं तुले अहो म्हटलं, अन तू त्यायले खोटं लिहून देल्लं."

रविवारी सकाळी मी सरांकडे गेले. ते सिंकपाशी वाटी विसळत होते. मी दारातच उभी राहून सांगितलं की मला कसलाच वास आला नव्हता, मी पत्रासाठी मनाने लिहिलं, आजोबांची आठवण घेऊन लिहिलं. खिशातला पहिला कागद द्यायला काढला.

सरांनी नळ बंद केला. हात पुसले. ते रागावलेले नव्हते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"त्या सहा जणांनीही हेच सांगितलं," ते म्हणाले. "कोणी दोन दिवसांनी आलं, कोणी महिन्याने. आयोवाचा तो मुलगा चार वर्षांनी विमान करून आला. प्रत्येकाने सांगितलं, सर, मी ते मनाने लिहिलं होतं."

मागच्या खोलीचं दार बंद होतं.

त्यांनी माझ्या हातातला घडी केलेला कागद घेतला, बघितला आणि परत दिला. "यावर सही नाही," म्हणाले. मग एक कोरा कागद आणि पेन टेबलावर ठेवलं. "बसा. आता निरंक लिहा. तारीख घाला, सही करा. मला तेवढंच हवंय."

मी बसले. एकच शब्द लिहायचा होता, आजोबांच्या कचेरीतला. मी ते शुक्रवारचं ऊन डोळ्यांसमोर आणलं. काठी, खड्डा, थांबलेला ब्लोअर, सरांचे टेकलेले गुडघे. आणि त्या आठवणीत आता ओल्या चुन्याचा वास होता. मी पुन्हा पहिल्यापासून आठवून बघितलं. वास होताच. तो मी नंतर तिथे ठेवला होता की आधीपासून होता, हे मला वेगळं करता येईना. पेनची शाई टेकल्या जागी पसरत गेली. तसं किती वेळ बसले कोण जाणे. सर समोरच्या खुर्चीत होते, एखाद्या परीक्षेवर देखरेख करावी तसे, पण त्यांचे दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले होते. त्यांना तो शब्द किती हवा होता ते मला दिसत होतं.

"नाही लिहिता येत, सर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. शाईचा डाग पडलेला तो कोरा कागद पाकिटात घातला आणि खोक्यात ठेवला. मग अभ्यासिकेतून हाताने लिहिलेलं एक पान घेऊन आले. ते माझं पत्र होतं. शुक्रवारीच लिहून ठेवलं होतं, माझा अहवाल वाचायच्या आधी. इंग्रजीत होतं, पण एक वाक्य त्यांनी मला मराठीत वाचून दाखवलं. "ही विद्यार्थिनी जे घडलं तेवढंच लिहिते." मग चष्मा काढून म्हणाले, "समिती याच एका वाक्यासाठी पत्र वाचते. ठेवू?"

मला प्रवेश किती हवा होता ते मी वर लिहिलंच आहे. पप्पांचे तेलाने डागलेले हात डोळ्यांसमोर आले. मी म्हटलं, "ते वाक्य नको, सर."

त्यांनी पट्टी ठेवून ते वाक्य सरळ रेघेत खोडलं. पत्र संध्याकाळी गेलं. पुढच्या हिवाळ्यात सर गेले, तेव्हा मी दुसऱ्या गावी होते. मला प्रवेश मिळाला होता, त्या वाक्याशिवाय मिळाला होता. सरांविषयी इथे जे लिहिलं, त्यातलं एवढंच मी सही करून देऊ शकते.